दादांची वही आणि कुर्ल्याचे इंजिन

आमच्या घराच्या मागच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली, सत्तावीस वर्षे एक मोटार उभी होती. १९५६ सालची फियाट ११००. तिच्या टपावर अम्मी पापड वाळवायची, मागच्या सीटवर मांजरीची तीन-चार बाळंतपणे झाली, आणि पावसाळ्यात आम्ही मुले तिच्यात बसून काचेवरून ओघळणारे पाणी पाहायचो. १९९६ साली दादांचा इंतकाल झाला. त्यानंतर तिला कोणी चालू केले नाही. वर्षभरातच इंजिन जाम झाले. आमच्याकडच्या मिस्त्री लोकांच्या भाषेत, ‘इंजिन पकडले’.

मुंबईत या मॉडेलला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढचे नाक फुगीर आणि खाली झुकलेले, म्हणून. दादीने हे नाव घराच्या उंबऱ्याआत कधी येऊ दिले नाही. शेजारच्या कुणी चेष्टेने म्हटलेच, तर ती ठणकावून सांगायची, “बकरा बोलो!” त्यामुळे लहानपणी मला ही गाडी ‘बकरागाडी’ म्हणूनच ठाऊक होती. इतिहासातले तिचे खरे टोपणनाव मला डी.एड. नंतर, मुंबईच्या एका मैत्रिणीकडून कळले आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

२०२३ च्या उन्हाळ्यात भाईजान पुण्याहून आले ते भंगारवाल्याला बरोबर घेऊनच. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वजनाचा भाव सांगितला. इंजिन काढून वेगळे दिले तर थोडे जास्त मिळतील, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड आहे, असेही तो म्हणाला. भाईजानचे काही चुकत नव्हते. जागा अडलेली, घराची डागडुजी बाकी, आणि चाचांचे वय सत्तरीकडे झुकलेले. पण त्याच आठवड्यात अम्मीच्या ट्रंकेतून दादांची वही निघाली होती. तिच्यामुळे मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले.

वही उर्दूत आहे. घरात ती वाचू शकणारी मी एकटीच. भाईजान आणि चुलत भावंडे इंग्रजी माध्यमात शिकली. त्यांना उर्दू बोलता येते, वाचता येत नाही. दादा चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेले होते. अक्षर घाईचे, नुक्ते कुठल्या कुठे टाकलेले. पाने तेलाने इतकी भिजलेली की एका बाजूचे दुसऱ्या बाजूला दिसते. १९५० च्या सुमारास ते सोलापूरहून मुंबईला गेले, नागपाड्याच्या बाजूला एका उस्तादाच्या हाताखाली शागिर्द म्हणून राहिले आणि नंतर वीसेक वर्षे टॅक्सीवाल्यांची इंजिने बांधत राहिले. त्यांच्या वहीत माणसांची नावे फारशी नाहीत. ‘परळवाली’, ‘माहीमवाली काळी’, ‘पारशी डॉक्टरची’ अशी गाड्यांची ओळख आहे, आणि पुढे प्रत्येक इंजिनाची प्रकृती.

मी इतिहास शिकवते. सहावी ते आठवीच्या मुलांना सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंत नेऊन पोचवते. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील गॅरेजवाले, वेल्डर, पंक्चरवाले, बॅटरीवाले. पालकांचा व्यवसाय लिहायच्या रकान्यात मुले ‘बिझनेस’ लिहितात. ‘मिस्त्री’ कोणी लिहीत नाही. ही वही हातात आली तेव्हा पहिल्यांदा मनात आले, की मी शिकवते त्या इतिहासात मोटार आहे, कारखाना आहे, कारखानदारही आहे. तो बिघडलेला माल चाळीस-पन्नास वर्षे चालता ठेवणारा माणूस मात्र कुठेच नाही.

तर आधी इंजिनाची कुळकथा.

इटलीतल्या तोरिनो शहरात फियाट कंपनीत दान्ते जाकोसा नावाचा एक तरुण अभियंता होता. जन्म १९०५ चा. १९३६ ची छोटी ‘टोपोलिनो’ त्याचीच. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, फियाटने त्याच्या हातची ‘५०८ सी’ बाजारात आणली आणि तिच्यात हे इंजिन बसवले. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ घनसेंटिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. व्हॉल्व्ह हेडमध्ये, वरच्या बाजूला; त्या काळातल्या अनेक स्वस्त गाड्यांत ते अजून ब्लॉकच्या बगलेत असत. क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरते. ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२. हा क्रम आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ होता. चाचा लहानपणी मला झोके देताना म्हणायचे, “एक-तीन-चार-दो!”

या इंजिनाचे नशीब असे, की त्याला श्रीमंत नातेवाईकही लाभले. एन्झो फेरारी याने स्वतंत्रपणे बांधलेली पहिली मोटार म्हणजे १९४० सालची ‘८१५’. करारामुळे तिला त्याचे नाव देता आले नव्हते. तिचे दीड लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन या फियाट ११०० च्या सुट्या भागांच्या आधाराने उभे केले होते. अशा दोन गाड्या त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रेशियाच्या शर्यतीत उतरल्या. दोन्ही शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. हे मी चाचांना सांगितले तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले, “तेल कम पड़ा होगा.”

१९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नव्या अंगाची ‘११००-१०३’ मांडली. अंग नवे, पण इंजिन तेच, थोडे सुधारून. आमची बकरागाडी ती हीच. पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर.

आता ती कुर्ल्याला कशी आली, त्याची सुरुवात आमच्या सोलापुरातच होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. शाळेत असताना वालचंद म्हणजे आम्हाला फक्त कॉलेजच्या फाटकावरचे नाव. सिंदिया जहाज कंपनी, विशाखापट्टणमची गोदी, बंगळूरचा विमान कारखाना या सगळ्यांत हा माणूस होता. मोटारीचा कारखानाही हिंदुस्थानात व्हावा, म्हणून विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकात योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलली. पण परकीय सरकारने युद्धाच्या काळात या कारखान्याला हात दिला नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या गाड्या होत्या. डॉज, प्लिमथ वगैरे. म्हणजे पेट्या उघडायच्या आणि जोडायच्या. वालचंद १९४९ मध्ये अंथरुणाला खिळले आणि एप्रिल १९५३ मध्ये गेले. ज्या फियाटने त्यांच्या कारखान्याला घराघरात नेले ती ११०० रस्त्यावर आली १९५४ मध्ये. त्यांना ती पाहायला मिळाली नाही.

१९५३ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले, की नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्यांना यापुढे थारा नाही. इथे माल बनवायचा कार्यक्रम असेल तरच राहा. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. ती गेली, फोर्डही गेली. उरली कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. या तिघांच्या हातात पुढची तीस वर्षे या देशाची मोटार होती. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. यावर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. इटलीत १९६२ साली ११०० डी ला १२२१ घनसेंटिमीटरचे मोठे इंजिन मिळाले. आपल्याकडे १९६४ मध्ये ११०० डी आली ती जुन्या १०८९ वरच. इटलीने १९६९ साली ११०० चे उत्पादन थांबवले. आपल्याकडे तीच गाडी सत्तरच्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली आणि शतक संपेपर्यंत बनत राहिली. १९३७ चे इंजिन साठ वर्षे!

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती मला दादांच्या वहीत दिसली. नवी गाडी मिळत नव्हती, आयात पार्ट बंद होता, म्हणून जुने इंजिन पुन्हा बांधावेच लागे. टॅक्सीवाल्याला तर गाडी उभी ठेवणे परवडत नव्हते. इंजिन बदलत नव्हते, म्हणून एका मिस्त्रीने एका पिढीत शिकलेले दुसऱ्या पिढीला जसेच्या तसे लागू पडत होते. दादांनी १९५८ मध्ये शिकलेली गोष्ट चाचा १९९८ मध्ये वापरत होते. असे भाग्य आजच्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराला नाही. त्याची विद्या दोन वर्षांत शिळी होते.

इंजिन खोलायला आम्ही मे महिन्यात सुरुवात केली. ‘आम्ही’ म्हणजे चाचा, मी आणि आठवीतला माझा एक विद्यार्थी, ज्याचे वडील रेडिएटरचे काम करतात. भाईजानने सुट्टीपुरती मुदत दिली होती. स्पार्क प्लग काढले आणि चारही भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतले. मग काहीच करायचे नाही. रोज संध्याकाळी असरनंतर चाचा पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून एकदा दाबून बघायचे आणि हात झटकून आत जायचे. भाईजान म्हणाले, जोर लावा, लांब पाइप घाला. चाचांनी ऐकले नाही. पकडलेल्या इंजिनावर जोर लावला तर रिंग तुटते, पिस्टन तडकतो, मग आहे तेही जाते. अकराव्या दिवशी नट केसभर हलला. तेराव्या दिवशी क्रँक अर्धा फेरा फिरली आणि आतून गंजाचा भुगा खरवडल्याचा आवाज आला. चाचांच्या तोंडून ‘अल्हम्दुलिल्लाह’ इतक्या मोठ्याने निघाले, की अम्मी हातातले पीठ तसेच घेऊन बाहेर आली.

हेड मात्र निघेना. ॲल्युमिनियमचे हेड आणि पोलादी स्टड यांच्यात वर्षानुवर्षे पाणी मुरले की दोघांची अशी गाठ बसते, की सुटता सुटत नाही. रोज थोडे तेल सोडायचे, लाकडाच्या तुकड्यावरून हलके ठोके द्यायचे. एक स्टड तुटलाच. हेड उचलले तेव्हा पाण्याच्या वाटा पांढऱ्या क्षारांनी भरून गेल्या होत्या. काही ठिकाणी काडीसुद्धा जात नव्हती. सोलापूरच्या बोअरचे पाणी! वहीत दादांनी सोलापूरला परतल्यानंतरच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे, की इथले पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, पत्र्यावरून पडलेले पावसाचे पाणी धरून ठेवा. ते गेल्यावर हे कोणी पाळले नाही, कारण कोणी वाचलेच नव्हते.

आता त्या पानाविषयी सांगते, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

इंजिन चालून चालून सिलिंडर झिजतो. तो सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाजवळ, जिथे ज्वाळेची उष्णता जास्त, दाब जास्त आणि तेल कमी, तिथे जास्त, खाली कमी. म्हणजे सरळ नळीचे हळूहळू नरसाळे होते. झीज थोडी असेल तर नव्या रिंगा घालून भागते. जास्त असेल तर लेथवाल्याकडे ब्लॉक नेऊन बोअर मोठा करावा लागतो आणि मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा झीज किती, हे मोजणे म्हणजे गरीब टॅक्सीवाल्याच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईचा प्रश्न. सिलिंडरच्या आतला व्यास मोजायचे डायल गेज साध्या मिस्त्रीकडे कुठून असणार? दादांकडे नव्हते.

वहीत १९६१ च्या एका पानावर चार सिलिंडरची चार वर्तुळे काढली आहेत. प्रत्येकाखाली दोन आकडे, एक ‘ऊपर’, एक ‘नीचे’. मग वजाबाकी. मग लिहिले आहे, ‘तीन से तक़्सीम’. उत्तर पाचच्या वर गेले तर ‘खराद’, नाहीतर ‘छल्ला’. मी हे दहा वेळा वाचले. आकडे कशाचे, ते कळेना. तीनने का भागायचे, तेही कळेना. चाचांना विचारले. त्यांनी कपाटातून एक जुनी पिस्टन रिंग काढली, सिलिंडरच्या तोंडाशी आत सरकवली आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजच्या पात्या घालून मोजले. मग तीच रिंग पिस्टनने ढकलून तळाशी नेली आणि पुन्हा फट मोजली. वर बेचाळीस थाउ, खाली चोवीस थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिस्त्री लोक अजून त्यातच बोलतात. फरक अठरा. भागिले तीन, सहा.

मी अंगणातल्या बाजेवर बसकण मारली. सिलिंडर रुंद झाला की रिंगेचा परीघ फाकतो आणि फट वाढते. परिघातला फरक भागिले ३.१४ म्हणजे व्यासातला फरक. ज्या ‘पाय’साठी मी सातवीच्या वर्गात बांगडी आणि सुतळी घेऊन जाते, तो पाय माझ्या चौथी शिकलेल्या दादांच्या वहीत साठ वर्षे बसलेला होता. ‘पाय’ हे नाव त्यांना ठाऊक नसावे. पण ३.१४ ऐवजी साधा तीन घेतला की उत्तर खऱ्यापेक्षा जरासे जास्त येते, म्हणजे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूला होते, हे त्यांना किंवा त्यांच्या उस्तादाला नक्की ठाऊक होते. कारण पानाच्या कडेला लिहिले आहे, ‘थोड़ा ज़्यादा आता है, आने दो.’

ब्लॉक लेथवाल्याकडे नेला. त्याच्या डायल गेजने तोच सिलिंडर मोजला. ०.१४५ मिलिमीटर. मी घरी येऊन अठरा थाउंना ३.१४ ने भागले आणि मिलिमीटर केले. ०.१४६. विद्यार्थी शेजारीच उभा होता. त्याने तो आकडा माझ्याकडून दोनदा तपासून घेतला, कारण वर्गात मी त्याला नेहमी तेच सांगते.

वहीतल्या शब्दांविषयी थोडे विषयांतर करते; भाषेच्या शिक्षिकेला एवढी मोकळीक असावी. मिस्त्रीची भाषा म्हणजे एक बंदरच आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आलेला, ‘चावी’ही पोर्तुगीजच. ‘उस्ताद’, ‘शागिर्द’, ‘कारीगर’, ‘कारखाना’, ‘पेच’ हे फारसी. इंजिन, पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट इंग्रजी. आणि तळाचा तेलाचा डबा, ज्याला पुस्तकात ‘सम्प’ म्हणतात, त्याला सगळा महाराष्ट्र ‘चेंबर’ म्हणतो. उर्दू ही शायरीची भाषा, असे आपणच लोकांना सांगत आलो. तिच्यात क्रँकची मापेही लिहिली गेली आहेत, हे मला स्वतःला पस्तिशी ओलांडल्यावर कळले.

पुढचे काम सांगण्यासारखे कमी आणि करण्यासारखे जास्त होते. बोअर ०.४ मिलिमीटरने वाढवला. म्हणजे आमचे १०८९ चे इंजिन हिशेबाने ११०२ चे झाले. चाचा म्हणाले, आता ते नावाप्रमाणे ‘ग्यारा सौ’ झाले. पिस्टन कुर्ल्यातल्या एका जुन्या दुकानात मिळाले, व्हॉल्व्ह मुंबईच्या चोरबाजारात. क्रँक ग्राइंड करणाऱ्या एका वर्कशॉपने एक जर्नल मापापेक्षा जास्त घासला. चाचांनी बोट फिरवताच ओळखले. मालक मानेना, मग मायक्रोमीटर लावून दाखवला. सगळी क्रँक पुढच्या लहान मापाला आणून बेअरिंगे बदलावी लागली. यात तीन आठवडे आणि माझा एक पगार गेला. भाईजानला त्यातला अर्धाच आकडा सांगितला. हे वाचून त्यांना उरलेला कळेल.

व्हॉल्व्हच्या बैठका मात्र आम्ही विचार करून बदलल्या. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे असायचे. ते माणसांच्या फुप्फुसांना आणि मुलांच्या मेंदूला घातक, पण व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये त्याचा एक मऊ थर बसायचा. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते चांगलेच झाले. पण जुन्या मऊ बैठका त्यामुळे लवकर खचू शकतात, म्हणून कडक धातूच्या घातल्या. इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही नव्या प्रकारच्या रबराचा घेतला, कारण २०२३ मध्येच वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर यायला लागले होते आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे झाले. जुने रबर त्यात फुगते, भेगाळते. आमच्या जिल्ह्यात उसाची काय कमी! त्याच उसाच्या मळीचे आता बकरागाडीच्या पोटात जाणार होते.

इंजिन बांधताना चाचांनी मला हात लावू दिला तो हेडचे नट कसताना. वही समोर उघडी. मधून सुरुवात करायची, मग आलटून पालटून बाहेर जायचे, एका दमात कधीच कसायचे नाही, तीन फेऱ्यांत कसायचे. ॲल्युमिनियमचे हेड एका बाजूने दाबले तर वाकते. आता याला टॉर्क रेंच मिळतो आणि आम्ही तो वापरलाही. चाचांनी मात्र प्रत्येक नट त्यानंतर हाताने चाचपला. आमचे आवारातले बाकीचे लोक मला बघायला येत. एक बाई म्हणाली, “बाजी, शाळेत शिकवता ना तुम्ही?” तिच्या प्रश्नात काय काय होते, ते तिलाच माहीत. मी म्हटले, हो, इतिहास.

हे चालू असतानाच, ऑक्टोबरच्या अखेरीस, वर्तमानपत्रात बातमी आली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. नव्वदच्या दशकात शहरातल्या टॅक्सी साठ हजारांच्या घरात होत्या आणि त्यांतल्या बहुतेक याच. चाचांनी मला बातमी दोनदा वाचायला लावली. मग विचारले, टॅक्सीवाल्यांविषयी लिहिले आहे, मालकाचा फोटो आहे, मिस्त्रीविषयी काही आहे का? मी पान उलटून पाहिले. नव्हते. धुराचा प्रश्न खरा होता. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, टॅक्सी सीएनजीवर गेल्या, त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. माझ्या दादांचे फुप्फुसही त्याच धुराने गेले. डॉक्टरांनी त्यांना बिडीचे कारण सांगितले होते. त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत, एका शुक्रवारी जुम्मानंतर, इंजिन चालू केले. आधी प्लग काढून, बॅटरीवर फिरवून तेलाचा दाब आणला. मग प्लग लावले. पहिल्या प्रयत्नात नुसते फुरफुरले. दुसऱ्यांदा कार्बोरेटरमधून भडका उडाला आणि माझी ओढणी थोडक्यात वाचली. डिस्ट्रिब्युटर एका दाताने चुकला होता. चाचांनी स्वतःलाच एक शिवी हासडली, पुन्हा बसवला, आणि पोराला म्हणाले, “बोल, क्रम बोल.” तो म्हणाला, “एक, तीन, चार, दोन.” तिसऱ्यांदा इंजिनाने पकड घेतली. आधी निळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही. अम्मीने आतून विचारले, बंद पडले का? इतका कमी आवाज होता.

सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केला आहे, की पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होईल. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि धंद्यासाठी वापर नाही. जगभरच्या शौकिनांच्या मोजणीत विंटेज म्हणजे १९३० पर्यंतची. त्या हिशेबाने आमची बकरी तरुणच आहे. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणून आम्ही दादांचा मुंबईचा नंबर ठेवायचा अर्ज केला. ब्लॉकवरचा इंजिन नंबर तपासताना अधिकाऱ्याने विचारले, मूळ इंजिन आहे? डिझेल नाही बसवले? मध्यंतरी पुष्कळांनी बसवले होते. चाचांनी खिशातून रुमाल काढून नंबरावरचे तेल पुसले आणि बाजूला झाले.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलले, हेडचे नट पुन्हा तपासले, टॅपेट जुळवले. वहीत शेवटची तारीख १९९५ ची होती. त्याखाली दोन बोटे जागा सोडून मी लिहायला घेतले, तर चाचा म्हणाले, तू नको, त्याला लिहू दे. पोराने उर्दूत लिहिले. ‘थाउ’ कसे लिहायचे यावर दोघांची थोडी हुज्जत झाली. मागच्या मेन बेअरिंगच्या बाजूने तेलाचा एक थेंब अजून पडतो. खाली चाचांनी बिस्किटाच्या डब्याचे झाकण ठेवले आहे, आणि किती दिवसांत ते भरते याची नोंदही आता वहीत चालू आहे.